मंदाताईंच्या मळ्यापर्यंत

"त्या भाजीवालीनंच आणला. दुसरं येत कोण होतं हो तुमच्याकडे?"

वरच्या मजल्यावरच्या काकू पार्किंगमध्ये आमच्या गाडीपासून सहा हात लांब उभ्या राहून आईशी बोलत होत्या. मास्क नाकाखाली घसरलेला. आई पुढच्या सीटवर शाल पांघरून बसली होती आणि काच अर्धीच खाली केली होती. मी डिकीत पाण्याच्या बाटल्या ठेवत होते.

"असेल," आई म्हणाली. "कुठून तरी यायचाच होता."

"तुम्ही फार साध्या आहात," काकू म्हणाल्या.

बाबांनी गाडी सुरू केली. मी मागे बसले. दार नीट लागलं नाही म्हणून पुन्हा उघडून लावावं लागलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. सप्टेंबरात आई अकरा दिवस दवाखान्यात होती, त्यांतले चार ऑक्सिजनवर. घरी आली तेव्हा स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत चालली तरी मध्ये खुर्ची लागायची. डॉक्टर म्हणाले, गर्दीत नेऊ नका, पण कोंडूनही ठेवू नका, मोकळ्या हवेत न्या. म्हणून आम्ही तिघं दर रविवारी डबा घेऊन नाशिकच्या बाहेर जायला लागलो. ज्याला लोक प्रवास म्हणतात तसं यात काही नाही. सगळ्यात लांब गेलो ते पेठच्या घाटाच्या पुढे थोडंसं. मी मार्चमध्ये दोन बॅगा घेऊन पुण्याहून घरी आले होते आणि तेव्हापासून, एक वेळ सोडली तर, माझ्या खोलीतल्या टेबलाच्या पलीकडे गेले नव्हते, म्हणून मला तेवढंही परदेशासारखं वाटलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. आजार भाजीवालीनं आणला नव्हता. मी आणला होता. ऑगस्टच्या शेवटी औषधाच्या दुकानात जाते असं सांगून मी एका मैत्रिणीच्या गच्चीवर गेले. आम्ही चौघी होतो. केक कापताना कोणीच मास्क लावला नव्हता. तीन दिवसांनी त्या मैत्रिणीचा मेसेज आला, की तिला झालाय. एक संध्याकाळ माझा घसा दुखला, मी गरम पाणी प्यायले आणि गप्प राहिले. त्याच आठवड्यात आईला ताप आला.

आणि भाजीवाली म्हणजे मंदाताई. पंधरा वर्षं त्या आमच्या दारात टोपली उतरवत होत्या. आई आजारी पडल्यावर सोसायटीनं ठरवलं, की आता बाहेरचं कोणी आत नको. सेक्रेटरींनी मला फोन केला, "बेटा, तुझं इंग्लिश चांगलं आहे, एक नोटीस लिहून दे." मी लिहून दिली. बी विंगला येणारी भाजीवाली, असा त्यात स्पष्ट उल्लेख होता. पाठवण्याआधी मी त्यातला एक स्वल्पविरामही दुरुस्त केला होता.

गंगापूरचं पाणी

पहिल्या रविवारी धरणाच्या मागच्या बाजूला गेलो, जिथे पाणी शेतांत शिरून थांबतं. सकाळचे नऊ वाजले होते आणि धुकं अजून पाण्यावर बसून होतं. दोन माणसं ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर बसून हातानं वल्हवत जाळी ओढत होती. बाबांनी लांबच्या काळ्या ठिपक्यांना एकदा बदकं आणि एकदा पाणकोंबड्या म्हटलं. मग ठिपके उडाले, ते पाणकावळे निघाले.

आईला येणारा वास गेला होता. गेला होता तेवढ्यावर भागलं असतं, पण मधूनच चुकीचा परत यायचा. फोडणीतला कांदा तिला रॉकेलसारखा लागायचा. जिनं पन्नास माणसांचा स्वयंपाक वासावर मीठ ओळखून केला होता, ती आता ताटात पाहून जेवायची. गाडीतून उतरल्यावर ती दीर्घ श्वास घेऊन थांबली आणि मला म्हणाली, "सई, कसला वास येतोय गं?"

"छान," मी म्हणाले.

"छान हा काही वास नव्हे."

मला शब्द सापडेना. शाळेत आम्ही इंग्रजीत निबंध लिहायचो, त्यांत पहाट सोनेरी असायची आणि हवा ताजी. घरी मी मुळातच कमी बोलते. "चिखलाचा," मी म्हणाले. "थोडा मासळीचा. आणि गवत वाळताना येतो तसा, जरा गोड."

आईनं डोळे मिटले. "हं. आता आला," ती म्हणाली. आला नव्हता हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

डब्यात दशम्या होत्या आणि शेंगदाण्याची चटणी. बाबांनी सगळ्यांच्या हातांवर सॅनिटायझर मारलं आणि त्याच झपाट्यात चटणीच्या डब्यावरही. मी घास घेतला आणि थुंकला. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"आणा इकडे ती चटणी," आई म्हणाली. "एवीतेवी मला काय कळणारेय?"

ती स्वतःच हसायला लागली. मग बाबा हसले. हसता हसता आईला खोकला लागला आणि मी पाण्याची बाटली उघडली. खोकला थांबला. तिनं डोळे पुसले आणि पुन्हा हसली. बाबांनी चटणी झुडपात फेकून दिली, आम्ही दशम्या कोरड्याच खाल्ल्या. ऊन तिच्या पाठीवर होतं. मला वाटलं, एवढंच पुरे, याहून जास्त काही मागायचा मला हक्क नाही.

पेठ रोड

पुढच्या रविवारी थंडी वाढली होती. पेठ रोडला लागलं, की आधी द्राक्षाच्या बागा लागतात, मग त्या मागे पडतात, जमीन वर चढते आणि सावळघाट उतरल्यावर सगळं वेगळंच होतं. घरं लहान, कुडाची, कोंबड्या रस्त्याच्या मालकिणी असल्यासारख्या. भात कापून झालं होतं. उतारावरच्या शेतांत कुठे कुठे नागली, म्हणजे नाचणी, उभी होती, कणसं मुठीसारखी आत वळलेली.

रस्त्यालगत एका खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. एक म्हातारे बाबा, त्यांची बायको आणि दोन सुना भाताच्या पेंढ्या लाकडावर आपटत होत्या. आईला बघायचं होतं. बाबांनी गाडी कडेला घेतली. आम्ही मास्क सारखे केले आणि चालत निघालो.

"तिथंच थांबा," म्हातारे बाबा ओरडले. "तिथंच. त्या पळसापाशी. नाशिकचे का?"

"हो," बाबा म्हणाले.

"मग लांबच बरं. राग नका मानू."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला गेटबाहेर थांबवत होतं. बाबा जरा दुखावले. आई मात्र तिथेच दगडावर बसली आणि म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. आजोबा, मला होऊन गेलाय हो, आता माझ्यापासून काही होत नाही."

"होऊन गेला?" म्हातारीनं पेंढी खाली ठेवली. "आणि वाचली?"

"वाचले."

"अगं बाई." ती आईकडे इतक्या कौतुकानं बघायला लागली, की जणू आई वाघाच्या तोंडातून आली होती. मग तिथूनच, पंधरा हातांवरून, गप्पा सुरू झाल्या. दोन्हीकडून मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळे सगळं भांडणासारखं ऐकू येत होतं. एप्रिलात त्यांच्या गावानं रस्त्यावर बोरीच्या काट्या टाकून वाट बंद केली होती, म्हाताऱ्यांनी सांगितलं.

"माझा सख्खा पोरगा द्राक्षाच्या कामावरनं चालत आला. त्यालाबी बाहेर ठिवला. चौदा दिस त्या तिकडच्या झोपडीत."

"आणि जेवण?" आईनं विचारलं.

"जेवण म्हंजे? दोन टायमाला ही नेऊन ठेवायची. दगडावर ठेवायचं, हाळी मारायची, मागं व्हायचं. त्यानं यायचं, घ्यायचं. वाट बंद केली होती. भाकर कशी बंद करू?"

म्हातारी घरात गेली. बाहेर आली तेव्हा पळसाच्या पानावर नागलीच्या दोन भाकरी होत्या, वर उडदाच्या डाळीचं घट्ट कालवण. ती अर्ध्या वाटेवरच्या दगडापर्यंत आली, पान ठेवलं, हाळी मारली, "घ्या गं!" आणि मागे सरकली. "खळ्यावर आलेलं माणूस तसंच जात नसतं," ती म्हणाली.

आमचा नियम होता, की बाहेरचं काही खायचं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आई उठून चालत दगडापर्यंत गेली, एकटी, खुर्ची न लागता, आणि पान घेऊन आली. चुलीवरची भाकरी गडद तांबूस होती, कडेला थोडी करपलेली. आईनं तुकडा तोंडात घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"धुराचा," मी लगेच म्हणाले. "आणि भाजलेल्या मातीचा. उडदाला लसणाचा वास आहे, पण कच्चा नाही, जळता जळता राहिलेला."

"शाब्बास," आई म्हणाली आणि सावकाश चावत राहिली. भाकरी खरखरीत होती, जिभेला कळत होती. चव नसलेल्या माणसाला खरखरही पुष्कळ असते, असं ती नंतर म्हणाली.

आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात आणि दाराला लॅच असतं. इथे पंधरा हात लांब थांबवून जेवू घातलं. मी ते पान बघत राहिले. वाट बंद करूनही माणूस आपला ठेवता येतो, हे मला कोणी आधी दाखवलं नव्हतं. मी लिहिलेल्या कागदात दगड नव्हता, हाळी नव्हती. नुसती बंद वाट होती.

परतताना घाट चढून आल्यावर आई म्हणाली, "मंदाला कोणीतरी निरोप द्यायला हवा, की माझा तिच्यावर राग नाही म्हणून. बिचारीला उगाच वाटत असेल."

मी मागच्या सीटवर होते. तिच्या डोक्याचा मागचा भाग मला दिसत होता, दवाखान्यानंतर केस विरळ झालेला. मी तोंड उघडलं. "आई," मी म्हणाले.

"काय गं?"

"पाणी हवंय का?"

"दे."

मी बाटली दिली.

"निरोप कशाला," बाबा म्हणाले. "पुढच्या रविवारी आपणच जाऊ की."

गिरणाऱ्याच्या अलीकडे

तो आठवडा मी कामात चुका करत काढला. शनिवारी वाटलं, आपल्याला ताप आलाय असं सांगावं. पण त्या घरात ताप हा शब्द खोटा उच्चारायची माझी हिंमत झाली नाही.

मंदाताई पंधरा वर्षं पत्ता सांगत आल्या होत्या, "गिरणाऱ्याच्या अलीकडं, डाव्या अंगाला, टाकीपाशी विचारा," आणि आम्ही पंधरा वर्षं "येऊ येऊ" म्हणत आलो होतो. तिथे जायला घरापासून अर्धा तासही लागला नाही.

टाकीपाशी विचारलं. एकानं बोट दाखवलं. कच्च्या रस्त्यावर गाडी ठेवून बांधावरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना टोमॅटो, तारांना बांधलेले, मग कोबी, मग झेंडूचा एक पट्टा, दिवाळी सरल्यामुळे न तोडलेला, सुकायला लागलेला. शेवटी मेथीचे वाफे. दव इतकं होतं, की माझे बूट आणि मोजे भिजले आणि बोटं बधिर झाली.

मंदाताई वाफ्यात वाकून मेथी उपटत होत्या. त्यांचे यजमान जुड्या बांधत होते. आईनं हाक मारली, "मंदा!"

त्या सरळ झाल्या. हातातली मेथी खाली पडली. धावत आल्या आणि चार पावलांवर एकदम थांबल्या. पदर तोंडाला लावला.

"ताई. चालत आल्या?"

"चालत आले. गाडीपासून," आई म्हणाली. "अशी लांब का? ये की."

"नाय ताई. लांबच बरी मी." आणि त्या रडायला लागल्या. आईही रडायला लागली. बाबांनी घसा खाकरला आणि मंदाताईंच्या यजमानांना टोमॅटोचा भाव विचारला.

"भावाचं सोडा दादा," ते म्हणाले. "आधी हिला सांगा, आता तरी पायात घाल म्हणून. आज तीन महिनं अनवाणी हिंडती. बाभळीचा काटा मोडला, पाय हा असा सुजला, तरी ऐकत नाय. थंडी बघा कशी पडती."

तेव्हा मी पाहिलं. दवानं भिजलेल्या काळ्या मातीत त्यांचे पाय होते. टाचांना भेगा, त्यांत माती भरलेली, एका अंगठ्याला कापड गुंडाळलेलं.

"तुम्ही गप ऱ्हावा," मंदाताई म्हणाल्या.

"काय गं हे?" आई म्हणाली.

"काय नाय ताई. देवीला बोलले होते."

सप्तशृंगीच्या गडावरच्या देवीला नवस बोलणं हे आमच्याकडे नवं नाही. लोक नारळ बोलतात, साडी बोलतात. अनवाणी राहायचंही बोलतात, पण ते पोराच्या जिवासाठी, नवऱ्यासाठी. हा नवस गिऱ्हाइकासाठी होता.

"मी टोपली घिऊन आले तर गेटला कागद," मंदाताई सांगू लागल्या. "इंग्रजी. वॉचमन म्हणला, यात तुझंच लिवलंय, तुझ्यामुळं बी विंगच्या ताई दवाखान्यात हायेत. मला खोकला नव्हता ताई, देवाशपथ. पण म्हणतात ना, न दिसता बी ऱ्हातो आत. तुमच्या हातात मीच जुडी दिली होती. मग घरी येऊन देवीला बोलले, ताईला उठव, तवर पायात काय घालणार नाय. ताई उठली, की डोळ्यानं बघीन आणि मग गडावर येईन."

"अगं, मग कधीच उठले की मी!"

"मला कुठं माहीत? दोनदा आले गेटवर. आत सोडना. वॉचमनला विचारलं तर म्हणतो, मला काय ठावं. तुमच्या खिडकीकडं बघत उभी ऱ्हायले तर एक बाई वरनं वरडली. मग नाय आले. आणि बघितल्याबिगर नवस कसा फेडू?"

वारा आला. झेंडूचा उग्र वास, मेथीचा कडवट हिरवा वास आणि कुठेतरी जळणाऱ्या काडीकचऱ्याचा. कोणी मला विचारलं नाही. आई मंदाताईंच्या पायांकडे बघत होती. मी मनात दिवस मोजले. आई घरी आल्याला दोन महिन्यांवर झाले होते. त्या सगळ्या दिवसांत मंदाताईंना फक्त एकदा खिडकीत आई दिसायला हवी होती. तेवढंच माझ्या कागदानं होऊ दिलं नव्हतं.

"वेडी आहेस तू," आई म्हणाली. ती पुढे झाली आणि तिनं मंदाताईंचा मातीचा हात धरला, सहा हातांचा सगळा हिशेब सोडून. "माझा राग नाही गं तुझ्यावर. तू काय मुद्दाम आणलास? तुलाही कुठून तरी लागला असेल. मी तुला माफ केलं म्हणून सांगायलाच आले आहे."

मंदाताईंनी वाकून आईच्या पायांना हात लावला. "लय मोठं मन ताई तुमचं," त्या म्हणाल्या.

आई आशीर्वादाला हात ठेवायला गेली, तसा मी तो मनगटाशी धरला. ती दचकून माझ्याकडे वळली. बाबा टोमॅटोच्या रांगेतून बघायला लागले. माझा आवाज मला स्वतःलाच अनोळखी, मोठा वाटला, पंधरा हातांवरून बोलावं तसा.

"मंदाताई, उठा. तुम्ही नाही आणला. मी आणला. मी आईला खोटं सांगून मैत्रिणीकडे गेले होते, तिथून आणला. गेटवरचा कागदसुद्धा मीच लिहिला. तुम्ही आजच पायात घाला. नवस फेडायला गडावर आपण दोघी जाऊ, आणि अनवाणी मी चालेन."